फाटकाजवळचा वास

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक नवराबायको बसले होते. मिस्त्री हात पुसत त्यांच्याकडे आला.

"ताई, इंजिन ठणठणीत आहे. कूलंटचा सेन्सर गेला होता. इंजिन कितीही तापलं तरी गारच आहे असं सांगायचा. म्हणून गाडी जास्तीचं पेट्रोल प्यायची आणि न जळलेलं मागून सोडायची."

"म्हणजे मागे पेट्रोलचा वास यायचा?"

"चांगला भपकारा यायचा!"

"अहो, ऐकलंत? फाटक लावताना रोज सांगत होते ना मी!"

"मी आत काचा लावून बसलेला. मला वाटलं, तुला भास होतोय. त्या तापानंतर दीड वर्ष तुला कसलाच वास येत नव्हता."

"म्हणजे भास नव्हता! मिस्त्री, तुमचे आभार कसे मानू?"

"माझे कशाला? बिघडलेल्या सेन्सरचे माना."

"अहो, जरा इकडे सरका. अजून. तुमच्या शर्टाला घामाचा वास येतोय."

"अगं, चारचौघांत काय हे!"

"असू दे हो. लांब जाऊ नका."