शांताबाईंचं ‘बस’

तुम्ही हसाल, पण एका शब्दानं आमचा अख्खा आठवडा खाल्ला. कापूस बुडाला, शेतकरी जीव देऊ लागले आणि यवतमाळ पार हललं, त्या वर्षांतली गोष्ट. मारिया नावाची परदेशी स्वयंसेविका आमच्या संस्थेत आली होती. अशा घरांतल्या माणसांना सोबत करायची, एवढंच तिचं काम. आर्णीत ती ज्या भाभींकडे राहायची, त्यांचा वाढायचा हात काही थांबायचा नाही. त्यामुळे तिथं ती पहिला शब्द शिकली, ‘बस’. म्हणजे पुरे.

जवळच्याच गावात शांताबाईंच्या नवऱ्यानं जीव दिला होता. मारिया रोज एकटीच त्यांच्याकडे जायची आणि पाच मिनिटांत परत यायची. म्हणायची, “त्यांना मी नको आहे.”

माझं डोकंच फिरलं. तिला घेऊन मी थेट शांताबाईंच्या दारात गेलो. “काहून हो मावशी, ही इतक्या दुरून आली, अन् तुम्ही हिले हाकलता कायले?”

“मी कायले हाकलू? रोज म्हणतो, बस व माय, बस! तं ते उलट्या पायी पळते. आमचे हे गेले तवापासून माह्या घरी कोणीच बसत नाही. मले वाटलं, हिच्या देशातबी तसंच असन.”

मी मारियाला अर्थ सांगितला. ती आत जाऊन खाली बसली. शांताबाईंनी चहा केला आणि उभ्यानंच तिच्या कपात ओतायला लागल्या. कप भरत आला तशी मारिया सवयीनं म्हणाली, “बस.”

शांताबाईंनी चहाचं पातेलं खाली ठेवलं, आणि तिच्याशेजारी बसल्या.