मावशींच्या नावाला हजर कोण म्हणणार?

मंडळी, वर्किंग डे असूनही तुम्ही सगळे मावशींच्या शोकसभेला आलात. मला भाषण करता येत नाही. पण मला तुमच्याकडे काहीतरी मागायचंय, म्हणून उभी राहिलेय.

तुम्हाला शैलामावशी माहीत आहेत त्या इथे मॉरिसव्हिलमध्ये भारतातून नवीन आलेल्या प्रत्येकाला डबा पोचवणाऱ्या. मी पुण्याहून आले तेव्हा आठ दिवस त्यांच्याच हातचं जेवले. पण मावशींचं आणखी एक घर होतं. नागपूरची ही बाई डंकनकाकांशी लग्न करून एका स्कॉटिश कुळात गेली. अमेरिकाभर पसरलेल्या त्या कुळातल्या नामवंतांची एक वही आहे. जज्ज, सेनेटर, पूल बांधणारे. दर जुलैत डोंगरावर मेळावा भरतो आणि वहीतल्या गेलेल्या माणसांची नावं वाचतात. नाव आलं की कुणीतरी उठून 'हजर' म्हणायचं. तीन वर्षं कुणीच म्हटलं नाही, तर त्या नावावर रेघ.

लग्नानंतरच्या पहिल्या मेळाव्यात मावशींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, कॉलेजसारखी हजेरी चाललीय. एका नावाला सगळे गप्प. "म्हटलं, बाई बाहेर गेली असेल, बिचारीची ॲबसेंट लागेल!" असं त्या सांगायच्या. मग काय, उठल्या आणि खणखणीत म्हणाल्या, "प्रेझेंट, सर!"

अहो, प्रॉक्सी लावली त्यांनी! हसा, हसा. त्याही हसायच्या.

ते नाव काकांच्या आत्याचं होतं. शेतांवर फवारणी करणारं विमान चालवायची ती. मूलबाळ नाही. आणि तिच्या नावाला कुणीच न उठण्याचं ते तिसरं वर्ष होतं. प्रॉक्सीनं वाचली ती. कुळाचा नियम असा, की एकदा हजर म्हटलं की दरवर्षी म्हणायचं. मावशींनी चाळीस वर्षं म्हटलं. काका गेल्यावर त्यांच्याही नावाला म्हटलं. वहीही मग मावशींकडेच आली.

गेल्या थँक्सगिव्हिंगला मला म्हणाल्या, "अनघा, माझ्या नावाला कोण गं? तू येशील?" त्यांनाही मूल नव्हतं. मी काय म्हणावं? "मावशी, माझ्या व्हिसाचंच काही खरं नाही यार." यार म्हणाले मी त्यांना! त्या "बरं" म्हणाल्या आणि भांडी विसळायला लागल्या. मी विषय बदलला.

परवा त्यांचं कपाट आवरताना वही उघडली. शेवटच्या पानावर मावशींचं नाव. बाकीच्यांपुढे त्यांचं कर्तृत्व लिहिलंय. मावशींपुढे गेल्या मेळाव्यात कुळातल्या कुणीतरी लिहिलंय, 'जिचं कुणी नव्हतं तिच्यासाठी उठली.' आणि हजर कोण म्हणणार, त्या रकान्यात मावशींच्या अक्षरात माझं नाव. पेन्सिलीनं. मी हो म्हटलं नव्हतं ना. मला खोडता यावं म्हणून पेन्सिलीनं.

तेव्हापासून मला धड झोप नाही. ऑफिसात लेऑफ चालू आहेत. या जुलैत मी इथे असेन? पुढच्या जुलैत? उभी राहिले आणि आवाजच फुटला नाही तर? मी नसले आणि तीन वर्षं गप्प गेली, तर मावशींवर रेघ? मला भीती वाटते हो. खरंच वाटते.

आज सकाळी मी त्या पेन्सिलीवरून पेन फिरवलं. त्याखाली अजून जागा आहे. वही इथे टेबलावर ठेवलीय. ज्यांचं ग्रीन कार्ड झालंय, ज्यांची मुलं इथेच वाढतायत, त्यांनी कृपा करून खाली नाव लिहा. मला जावं लागलं, तर माझी प्रॉक्सी लावा.

आता दोन मिनिटं शांत उभं राहू या. शेवटी मी मावशींचं नाव वाचेन. तेव्हा मात्र कुणी शांत राहू नका. आपण किती जण आहोत, ते मला ऐकायचंय.

उभे राहा, प्लीज.