खिडकीतलं फडकं

(शिवणाच्या दुकानामागची खोली. शिवणकाम करणारी ताई यंत्रापाशी. धाकटा भाऊ गल्लीतल्या पूर-बचावाच्या तालमीहून थेट आलेला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला.)

भाऊ : आठवतंय ना, पाणी चढलं की आपले बाबा कसे गरजायचे? "आधी माणसं, मग भांडी! भांडी तरंगतात, पोरं बुडतात!"

ताई : आठवतंय तर! आणि तू पातेल्यात बसून भोकाड पसरलं होतंस. माणूस आणि भांडं, एकाच खेपेत बाहेर.

भाऊ : विषय बदलू नकोस. आज तालमीत होडी तुझ्या दारावरून सरळ पुढे गेली. का?

ताई : वल्हवणारा तुझा मित्र ना? मग जाणारच.

भाऊ : तुझ्या खिडकीत पांढरं फडकं होतं म्हणून! पिवळं म्हणजे आत माणूस, पांढरं म्हणजे घर रिकामं. अख्ख्या गल्लीची फडकी तू बेतलीस, तू शिवलीस, आणि चुकलीस तूच?

ताई : घाईत हाताला लागलं ते लावलं. एवढं काय त्यात?

भाऊ : एवढं काय? नदी फुगलीय, या आठवड्यात धरणाची दारं उघडणार. पांढरं दिसलं की होडी थांबत नाही, ताई.

ताई : मग तू येशील की पोहत.

भाऊ : येईन. आणि बुडेन तुझ्यापायी. चालेल?

ताई : काहीतरीच अभद्र बोलू नकोस.

भाऊ : मग खरं सांग. मुद्दाम मागे राहायचं होतं का तुला? दाजी गेल्यापासून तू...

ताई : अरे वेड्या! मला कुठली मरायला सवड? निम्म्या गल्लीचे पडदे पडलेत शिवायचे. चहा टाकू?

भाऊ : चहा नंतर. आधी पुन्हा तालीम. ही घे दोन्ही फडकी. समज, होडी आली, वळणावर दिसतेय. लाव पिवळं!

ताई : थांब रे, उजेड कुठाय इथे?

भाऊ : घे, उघडली खिडकी. लाव.

ताई : (दोन्ही फडकी उजेडात धरून, आलटून पालटून बघत) हे... की हे?

भाऊ : ताई?

ताई : माझ्या गिऱ्हाइकांना सांगणार नाहीस ना?

भाऊ : नाही सांगणार.

ताई : हल्ली धाग्याचा रंगही मी त्यांनाच निवडायला लावते. त्यांना वाटतं, बाई मान देते. ही दोन्ही फडकी सारखीच दिसतात रे मला.