तिसरा की पाचवा

माननीय अध्यक्ष महोदय, ज्यांनी वाचनालयाचा हा वरचा मजला एकतीस वर्षं आमच्या स्वाधीन केला त्या ग्रंथपाल बाई, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या चित्रपट मंडळाचे चिटणीस, व्यासपीठावर बसायला ठाम नकार देऊन पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, मंडळाचे सभासद, आणि केवळ चहासाठी आलेल्या पण दार बंद झाल्यामुळे अडकलेल्या बंधुभगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मी पाहिलंय. आता काय आहे, मी दाताचा डॉक्टर. माझ्यासमोर दिवसभर जी माणसं बसतात त्यांना तोंड उघडं ठेवून बोलता येत नाही, त्यामुळे वाद घालायची माझी हौस दवाखान्यात कधी भागली नाही. ती इथे भागली. आणि ज्यांच्याशी भागली ते गृहस्थ उद्या सकाळी कायमचे मुलीच्या गावी निघाले आहेत. तेव्हा दोन-चार मिनिटं इकडची तिकडे झाली तर अध्यक्षांनी घड्याळाकडे काणाडोळा करावा, ही विनंती.

चिटणिसांची थोरवी माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितली. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी चौतीस वर्षं नकाशे काढले. या गावात जमिनीखाली कुठला नळ कुठे वळतो हे त्यांच्या हातानं कागदावर उतरलं. डोळ्यांचा धंदा. तोच माणूस एका शनिवाराआड संध्याकाळी इथे येऊन खुर्च्या मांडायचा आम्हाला वाद घालायला बसवायचा आणि वर्षातून एकदा आमच्या दिग्दर्शकाचा चित्रपट दाखवायचा.

‘आमचा दिग्दर्शक’ म्हणजे कोण, हे चहासाठी आलेल्यांना सांगायला हवं. त्या माणसानं आयुष्यात पाच चित्रपट केले. पाचही पडले. तो गेला तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यातही चित्रपटांची संख्या चार छापली होती. पण जगात ठिकठिकाणी आमच्यासारखी वीस-पंचवीस वेडी माणसं एकेका खोलीत जमतात आणि त्याचा कुठला चित्रपट सर्वांत चांगला यावर एकमेकांची डोकी खातात. नावं आम्ही घेत नाही, आकडे घेतो. या मंडळात दोन तट आहेत, तिसरेवाले आणि पाचवेवाले. तिसरेवाल्यांचे सेनापती चिटणीस. पाचवेवाल्यांचा मी.

तिसऱ्यात बंद पडलेल्या कारखान्याचा एक पहारेकरी आहे. पहिली चाळीस मिनिटं कुणी चकार शब्द काढत नाही. शेवटी तो एका भिंतीला चुना लावतो. अकरा मिनिटं. मी मोजली आहेत, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. चिटणीस म्हणायचे, त्या अकरा मिनिटांत उन्हाचा रंग सात वेळा बदलतो आणि ज्याला ते दिसत नाही त्यानं डोळे दान करून टाकावेत. पाचव्यात दोन बहिणी वडिलांच्या माघारी घर आवरायला बसतात आणि दीड तास बोलतात. भांडतात, हसतात, एका कपाटावरून जन्माचं उणंदुणं काढतात. मला विचाराल तर माणसाच्या तोंडून निघालेलं इतकं खरं बोलणं दुसऱ्या कुठल्या चित्रपटात नाही. हे माझं मत होतं, आजही आहे, आणि तीच तर पंचाईत आहे.

मंडळाचे नियम चिटणिसांनीच लिहिले. त्यातला एक असा, की सभासद कायमचा निघाला तर त्याच्या निरोपाला कुठला चित्रपट दाखवायचा हे एकमतानं ठरावं. दुसरा असा, की कुणाला मत बदलायचं असेल तर त्यानं सभेपुढे उभं राहून कारण सांगावं. कारण पटलं नाही तर मतबदल नामंजूर. आणि आमच्या दिग्दर्शकाचे चित्रपट काही घरी टीव्हीवर बघता येत नाहीत. एकेकच प्रत उरली आहे. ज्या संग्रहालयात त्या आहेत ते वर्षातून एकदा, एकच प्रत देतं. तीही ठरावाची नक्कल जोडली तरच.

चिटणिसांनी गाव सोडण्याचं जाहीर केलं तेव्हा पहिल्या सभेत मी नेहमीप्रमाणे पाचव्यासाठी दंड थोपटले. तिसऱ्याला नऊ मतं, पाचव्याला दहा. घसा बसेपर्यंत भांडलो आणि खुशीत घरी गेलो.

दोन दिवसांनी दवाखान्यात वहिनींचा फोन आला. एका रुग्णाच्या तोंडात कापूस होता, त्याला तसाच ठेवून मी फोन घेतला. वहिनींनी सांगितलं की चिटणिसांना काचबिंदू आहे, फार पुढे गेलेला. कडेचं दिसणं केव्हाच गेलंय, मधलं नळीतून बघावं तेवढं उरलंय, आणि डॉक्टर म्हणतात दोन महिने, फार तर अडीच. मुलीकडे निघालेत ते त्यासाठी. त्यांना तिसरा एकदा मोठ्या पडद्यावर बघायचा होता, दिसतंय तोवर. मी म्हटलं, वहिनी, मग सभेत सांगूया की, एका मिनिटात एकमत होईल. तर त्या म्हणाल्या, “त्यांनी मला शपथ घातलीय. दयेची मतं नकोत म्हणाले. तुम्हाला सांगितलं हे कळलं तर ते तिसरा आला तरी बघणार नाहीत. तुम्ही काहीतरी करा, पण त्यांना कळू देऊ नका.”

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं?

मी ठरवलं, हरायचं. एकतीस वर्षांत जे केलं नाही ते करायचं, पण असं करायचं की संशय येऊ नये. दुसऱ्या सभेत मी मुद्दाम लंगडे मुद्दे मांडले. म्हटलं, पाचवा बरा, कारण तो आखूड आहे, माणूस वेळेवर घरी जातो. मला वाटलं लोक हसतील आणि तिकडे जातील. तर रसायनशास्त्राचे सर उठले आणि म्हणाले, “यात तथ्य आहे. मी आजवर असा विचार केला नव्हता.” ते तिसरेवाले होते हो, कट्टर. त्यांनी तिथल्या तिथे मत बदललं. छापखान्याच्या मालकांनीही. तिसऱ्याला सात, पाचव्याला बारा. जन्मभर जीव तोडून भांडलो तेव्हा एक माणूस हलला नाही, आणि हरायला निघालो तर माझ्यामागे रांग लागली. चांगल्या मुद्द्यानं एवढा अनर्थ कधी झाला नसता.

तिसऱ्या सभेत मी सरळ उभा राहिलो आणि म्हटलं, मी पाचवा मागे घेतो, तिसरा श्रेष्ठ. चिटणीस म्हणाले, “कारण?” मी म्हटलं, त्या भिंतीवरचं ऊन. ते म्हणाले, “कुठल्या बाजूनं येतं ऊन?” मी म्हटलं, डावीकडून. सगळे पोट धरून हसले, कारण उजवीकडून येतं. त्या भागात मी दर वेळी एक तर बोलत असतो नाहीतर झोपलेला असतो. मतबदल नामंजूर. चहाच्या वेळी चिटणिसांनी मला जिन्यापाशी गाठलं. मला अगदी जवळ यावं लागलं तेव्हा कुठे त्यांची नजर माझ्या तोंडावर स्थिरावली. म्हणाले, “तुला कुणी काही सांगितलंय का?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग नीट भांड. असा मिळमिळीत वाद घालून माझा अपमान करू नकोस.”

म्हणून मी भांडलो. चौथ्या सभेत भांडलो, पाचव्या सभेत भांडलो. कमी भांडावं तर त्यांना कळणार, आणि कळलं तर ते बघणार नाहीत. जास्त भांडावं तर दिवस जाणार. दर सभेहून घरी आल्यावर बायको विचारायची, ठरलं का? मी मान हलवायचो. ती म्हणायची, तुम्ही एकोणीस शहाणी माणसं, तुमच्यात एकाला तरी अक्कल आहे का? तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण प्रश्न बरोबर होता. वहिनींचे फोन येत राहिले. आधी रोजचं वर्तमानपत्र बंद झालं. मग ताटातलं विचारावं लागायला लागलं. मी फोन ठेवायचो आणि दात काढायला जायचो, दुसरं काय करणार होतो?

सहाव्या सभेला चिटणीस वहिनींचा हात धरून आले. आम्ही समजलो, गुडघा दुखत असेल. मी तर जाणत होतो, तरी मीही स्वतःला गुडघाच सांगितला. त्यांनी बसताना पाण्याचा पेला पाडला आणि म्हणाले, “मी तिसरा मागे घेतो. पाचवा मागवा.” अध्यक्षांनी नियमाप्रमाणे कारण विचारलं. चिटणीस म्हणाले, “पाचव्यात माणसं बोलतात.”

टाळ्यांचा कडकडाट झाला, अध्यक्ष महोदय, तुम्हाला आठवत असेल. एकतीस वर्षांचा वाद मिटला म्हणून सगळे उभे राहिले. सरांनी माझी पाठ थोपटली. उरलेल्या सहा जणांनीही माघार घेतली आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. सबंध सभागृहात टाळ्या न वाजवणारी दोनच माणसं होती, मी आणि वहिनी. डॉक्टरांनी ‘फार तर’ म्हणून दिलेले अडीच महिने मिळाले नव्हते. त्या सभेच्या बारा दिवस आधीच ते उरलंसुरलं दिसणंही गेलं होतं. आता चिटणिसांना बघता येणार नव्हतं, फक्त ऐकता येणार होतं, आणि त्यांनी कारण अगदी खरं सांगितलं होतं.

हे आज मी इथे बोलतोय ते त्यांच्या परवानगीनं, वहिनींच्या फोनासकट. सकाळी त्यांनीच सांगितलं, “आता सांगून टाक. मला व्यासपीठावर हात धरून चढवावं लागणार, लोक विचारतीलच.” तेव्हा सभागृहात जी कुजबुज चाललीय ती कृपा करून थांबवा. त्यांना ऐकू उत्तम येतं.

आता शेवटचं सांगतो. गेल्या मंगळवारी मी त्यांच्या घरी गेलो. खोकी बांधून झाली होती, भिंतीवरची चित्रं उतरवली होती, चिटणीस एका खोक्यावर बसले होते. मी म्हटलं, मी संग्रहालयाला हातापाया पडून पत्र लिहितो, पुढच्या वर्षी तिसरा तुझ्या गावी मागवतो, तुझ्याशेजारी बसतो आणि काय काय दिसतंय ते सांगतो. ते खूप हसले. म्हणाले, तू सांगणार म्हणजे ऊन डावीकडूनच येणार. मग म्हणाले, त्याची काही गरज नाही, मला तो सबंध पाठ आहे. एकेक चित्र डोळ्यांपुढे येतं. मला जरा बरं वाटलं.

मग खोक्याची दोरी चाचपत म्हणाले, “एकच अडचण आहे. ती भिंत येते ना, तेव्हा तुझा आवाज येतो.”

मी म्हटलं, “माझा?”

“‘आता रंग वाळेपर्यंत बसा.’ दर वेळी तू तिथंच म्हणायचास आणि लोक हसायचे. आता भिंत आठवायला गेलो की ते वाक्य येतं आणि मागोमाग हशा. फार प्रयत्न केला. तुझ्याशिवायची भिंत मला सापडत नाही.”

ते रागावले नव्हते. नळ कुठे गळतोय ते सांगावं तसं सांगत होते. मी माझी सगळी विद्या आठवली. किडका दात असता तर मी तो मुळासकट काढला असता, खोक्यावर बसवूनच काढला असता. पण माणसाच्या डोक्यात एकतीस वर्षं रुजलेलं आपलं वाक्य कसं काढतात हे मला कुणी शिकवलेलं नाही. वहिनींनी चहा आणला, तो घेतला आणि घरी आलो. वाईट वाटलं म्हणणं कमी आहे. लाज वाटली.

अध्यक्ष महोदय, घड्याळ उचलून खिशात ठेवलंत, आभारी आहे. ग्रंथपाल बाईंचे, सर्व सभासदांचे आणि विशेषतः वहिनींचे मी मनापासून आभार मानतो; त्यांनी माझ्यावर टाकलेलं काम मला जमलं नाही, तरी त्यांनी मला चहा दिला. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, मान राखायचा राहिला असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं पदरात घ्यावं. आता दिवे मालवतील आणि पाचवा सुरू होईल. त्यातलं वाक्य न् वाक्य मला पाठ आहे आणि आवडीचं वाक्य आलं की शेजारच्याला कोपर मारून ते आधीच म्हणून दाखवायची मला खोड आहे, हे तुम्ही सगळे जाणता. आज मी चिटणिसांच्या शेजारी बसणार आहे. दीड तास माझं तोंड बंद राहील.