क्लबातली पत्ती

…आणि वर म्हणतात कसे, "साडी जरा बरी नेस, आपल्याला क्लबात जायचंय!" क्लबात! लग्नाला चार महिने न्हाई झाले, आणि नवरा तोंड वर करून म्हणतो क्लबात चल! तुमाला सांगते, बाकीच्या मुलखात क्लब म्हणजे काय असंल ते असो, आमच्या बीडकडं क्लब म्हणजे एकच… पत्त्याचा! बाहेर पाटी 'सांस्कृतिक व क्रीडा मंडळ', आत खिडक्यांना काळा कागद आणि गोल करून बसलेली माणसं. पेपरात 'क्लबवर छापा' आलं की माझ्या माहेरी, नांदूरघाटात, लोक आधी नावं वाचायचे, मग आमच्या बद्रीनाथ काकाच्या दाराकडं बघायचे. काकानं पत्त्यापायी मळा घालवला, बैल घालवले, शेवटी काकू माहेरी गेली ती गेलीच. म्हणून तर माझी सोयरीक जुळताना आईनं एकच विचारलं, "पोरगा पत्ते खेळतो का?" मध्यस्थ म्हणला, "अवो, त्याला सुपारीचं खांड चालत न्हाई, पत्ते कुठले!"

मी काई बोलले न्हाई. मी तशी बोलतच न्हाई. नुसतं बघते.

आणि बघतच होते मी. दर गुरुवारी उन्हं कलली की आमचे हे… उत्तरेश्वर… घ्या, उखाण्याबिगर नाव घेतलं… तर हे नेकनूरहून गाडीला किक मारून बीडला. कावून? "खताची चौकशी." दर गुरुवारी खत? आमचं रान केवढं, खत केवढं! बरं, झोपेत ह्यांची बोटं हलतात. एकेक करून, वर-खाली, वर-खाली. काकाची अशीच हलायची, पत्ते मोजताना! आता मला सांगा, नव्या नवरीनं नवऱ्याची बोटं मोजत जागायचं असतं का?

म्हणलं चला. एकदा डोळ्यांनीच बघू.

बार्शी नाक्याच्या पुढं ठिबकच्या पाइपांचं दुकान, बाजूनं लोखंडी जिना, वर पाटी. काय असंल पाटी? 'सांस्कृतिक व क्रीडा मंडळ'! खिडक्यांना काळा कागद! मी पहिल्याच पायरीवर थांबले. हे म्हणतात, "अगं, ती जुनी पाटी. पत्त्यावाले उठून वरीस झालं. आता पोरं गाण्याचे कार्यक्रम करतात." असं का. पत्त्यावाले गेले आणि कागद तेवढा इसरून गेले!

दारात तेजश्री म्हणून एक पोरगी, केस पोराएवढे. ह्यांना बघून म्हणते, "अय्या, उत्तऱ्या! आज वहिनीला आणलं का?" उत्तऱ्या! घरात आत्याबाई सुदीक मुलाला उत्तरेश्वरराव म्हणतात! आणि माझा हात ओढून मनगटावर ठप्पकन शिक्का मारला, कोरोनात मारायचे तसा. आत कोण, बाहेर कोण, वळखू यावं म्हणून म्हणं. छाप्यात बी बरंच सोपं जात असंल मग.

आत सतरंज्या. तीस-चाळीस पोरंपोरी मांडी घालून गप. मराठवाड्यात चाळीस माणसं एका जागी आणि गप? कुणाची मयत बी एवढी गप नसती! मग माईकवर एक दाढीवाला, "आता येतोय आपला पहिला इंडी बँड!" इंडी? आमच्याकडून ऊसतोडीला टोळ्या जातात ती कर्नाटकातली इंडी? म्हणलं तोडकऱ्यांच्या लग्नाचा बँड असंल, लाल डगले, बिल्ले, मागं जनरेटरचा गाडा… तर आली तीन पोरं, बिनइस्त्रीच्या शर्टात. खाली बसली आणि अर्धा तास गिटारीचे कान पिळले. मी ह्यांना हळूच, "गाणं लई आळणी हाय का वो?" तर म्हणे, "अगं, अजून सुरू न्हाई झालं. जुळवतेत."

मग सुरू झालं. "खिडकी उघडी… मी बंऽऽद… खिडकी उघडी… मी बंऽऽद…" बाबा, मग कडी काढ की! आणि समदी डोळे मिटून डुलायलीत. ह्यांना काय पाजलंय? हातात कागदाचे गिलास. मी ह्यांचा गिलास वढून वास घेतला. चहा. पण चहाचा वास आला म्हणून चहाच असतो का? घोटभर पिऊन बघितला. चहाच होता. साखर कमी.

पोरांचं 'बंद' बंद झालं आणि हे उठले. "आलोच," म्हणले आणि मागच्या काळ्या पडद्याआड गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दाढीवाला म्हणतो, "आता लोकसंगीत! दोन मिनिटं थांबा!" आणि पडद्याआडून आवाज…

"पत्ती कुठंय बे?"

"एक फाटली. दुसरी काढ, खिशातली!"

"आधी थुंकीनं ओली कर की!"

आणि मग आमच्या ह्यांचा आवाज, "तू नुसतं धर. मी उचलतो!"

अगं माय! बोटाला थुंकी लावून पत्ते वाटायचे तर आमचे काका! आता ह्याच्यावर काय ऱ्हायलं? माझ्या डोळ्यापुढं मळा, बैल आणि नेकनूरच्या फाट्यावर पिशवी घेऊन एश्टीची वाट बघणारी मी! तुमाला खोटं वाटंल, पण जी मी आयुष्यात ताटावर भाजी वाढ म्हणून बोलले न्हाई, ती उठले, सतरंज्या तुडवत गेले, पडदा वढला आणि वरडले, "टाका खाली पत्ते!"

तर समोर लाईट. तो पडदा स्टेजचाच होता.

एक संबळवाला, एक हलगीवाला, आणि मधी आमचे हे. हातात सनई, ओठात सनईची पत्ती, जिच्यातून फुंकतात ती, ताडाच्या पानाची, ओली करायला धरलेली. आणि धरायचा होता तो ठेका, उचलायची होती ती चाल! मागून कडाकडा टाळ्या! लोकांला वाटलं लोककलेची सुरवातच अशी असती.

मी तिथंच, स्टेजच्या कडंला, मटकन बसले. ह्यांनी पत्ती बसवली, गाल फुगवले… आणि काय सांगू. आमच्या लग्नात चार लाउडस्पीकर होते, पण लग्न लागलं असं मला त्या दिवशी वाटलं.

जिना उतरताना ह्यांनी सांगितलं. देवीच्या देवळात नौबतीला वाजवणारे शहादेव बाबा, त्यांच्याकडं गुरं वळता वळता शिकले. पण घरात? "अण्णांला कळलं तर सनई मोडतेल आणि मला बी. 'पाटलाच्या घरात वाजंत्री निपजला' म्हणतेल. काईबी सांग, फक्त हे सांगू नको." बघा! ज्याच्या लग्नात सनई लागते त्यालाच ती हातात धरायची लाज!

घरी आलो तर सासरे आप्पाराव, म्हणजे ह्यांचे अण्णा, अंगणात बाजंवर. "कुणीतरी फोन केलता. बीडला क्लबाच्या जिन्यावर दिसलात म्हणं. तिथं आजकाल वाजिवतेत, असं ऐकलंय. खरं काय?" ह्यांची मान खाली. आत्याबाई दारात. आणि माझं तोंड त्या दिवशी एकदा उघडलं होतं ते मिटंचना… म्हणले, "न्हाई मामा. पत्ते खेळत होते. मीच उठवून आणलं."

मामांनी डोळे बारीक केले. "नक्की पत्तेच?"

"नक्की."

"हात्तिच्या!" म्हणत पाय पसरून बसले. "मी म्हणलं, घराण्याचं नाव घालवतो का काय! अरे, पत्ते आम्ही बी खेळलोत!"

आता नेकनूरभर माझा नवरा जुगारी हाय, आणि बाया मला बघून चुकचुकतात. गुरुवारी मामाच म्हणतात, "सूनबाई, संगं जा, लक्ष ठेव." परवा बोलावून विचारलं, "खेळतो कसा?" मी म्हणले, "हात लई गोड हाय मामा. दम जरा कमी पडतो." तर चिडलेच! "आपल्या घरात दम कमी? बस म्हणावं, मी शिकवतो!"

तवापासून रोज जेवणाआधी ओसरीवर रमी. ह्यांना पानं लावता येत न्हाईत. तिसरा हात लागतो म्हणून मला बी बसवतात. माझ्या आईला हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि खरं सांगायचं तर वाईट त्याचं बी वाटत न्हाई… वाईट ह्याचं वाटतं, की रोज मीच जिंकते.