हाताची घडी

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या एसटीडी बूथपुढे मालतीबाईंचा नंबर दुसरा होता, आणि त्यांचे कान रांगेत कधी रिकामे बसत नसत. पहिले होते माग चालवणारे हिलालनाना. ते काचेच्या दारातून बाहेर आले आणि वाट बघत थांबलेल्या शेजारच्या रघुनाथच्या पाठीवर त्यांनी थापच मारली.

"पास झाला आमचा कुंदन! नौदलानं तोफेवर कायम केला!"

"ती आपोआप चालणारी तोफ? जहाजावर क्षेपणास्त्र आलं की स्वतःच नेम धरते, ती?"

"तीच. काल चाचणीला खोटं क्षेपणास्त्र सोडलं. पार जवळ आलं, तरी तोफ गप्प."

"अरे देवा! मग कुंदननं काय केलं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"हाताची घडी घालून उभा राहिला. तोफ हातानं चालवायचं बटण समोरच होतं. आधीच्या दोघांनी घाबरून तेच दाबलं, नेम चुकला, दोघांनाही तोफेवरून काढलं."

"आणि याच्या वेळी?"

"तोफेनं आपल्या वेळेला धडाधड झाडलं. तुकडे पाण्यात! साहेबानं विचारलं, एवढा धीर कुठं शिकलास? म्हणाला, सुरतेत, बापाच्या मागावर."

"तुमच्या? चालू मागाला हात लावतो म्हणून रोज चापट्या खायचा तो!"

"मग! एक तरी वाया गेली का?"

सगळी रांग हसली. नाना मालतीबाईंकडे वळले.

"ताई, अजून एक फोन करू द्या ना. गावाला आईला सांगायचंय."

मालतीबाईंनी बहिणीच्या नंबराची चिठ्ठी पुन्हा कमरेला खोचली.

"करा की. पण मोठ्यानं बोला, नाना. पोरानं काहीच केलं नाही, हे आम्हालाही परत ऐकायचंय."