नात्याचा रकाना

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ताई, तू होय. थांब, हातमोजा काढते… हं, बोल.

…घरी नाही, टेकडीवर आहे. इमारतीमागच्या. पाइनखाली बसून गवत काढतेय… माहितीये गं, थडग्यावरचं गवत सुगीच्या सणाच्या आधी काढतात. यंदा लवकर काढतेय, बिघडलं कुठे?

…तुला कुणी सांगितलं?… वाटलंच. तुझा मुलगा दोंगहुन त्या बिल्डरच्या कंपनीत चिकटल्यापासून आमच्या टेकडीच्या बातम्या मला तुझ्याकडूनच कळतात.

…हो, दिला अर्ज. माझ्याच हाताने दिला… नाही, डोकं ठिकाणावर आहे. अगं ऐक ना. आधी ऐक, मग काय ते बोल.

एक तारखेला कंपनीची माणसं आली आणि इथल्या अकरा थडग्यांशेजारी अकरा पाट्या ठोकून गेली. या थडग्याशी नातं असेल त्याने महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर बेवारस समजून उकरू. दहांच्या घरचे आले, आपापल्या माणसांच्या अस्थी घेऊन गेले. हे एकच राहिलं, पाइनखालचं. दगड नाही, नाव नाही. हे हललं की टेकडी मोकळी, आणि टेकडी मोकळी झाली की एकोणतीस मजले… एकोणतीस, हो. झऱ्याचं पाणी गेलं, सावली गेली, आमचं सकाळचं चालणं गेलं. मग आम्ही म्हाताऱ्यांनी काय लिफ्टमधून वर-खाली करत बसायचं?

…केलं ना सगळं. चौदाशे सह्या पालिकेच्या कचेरीत दिल्या नेऊन. गॅलऱ्यांना फलक बांधले. साहेबांनी कॉफी पाजली, फाइल ठेवून घेतली आणि आम्हाला दारापर्यंत पोचवलं. आमच्या सोसायटीची अध्यक्षीण ग्वाकबाई तर निषेध म्हणून कचेरीसमोर मुंडण करून बसणार होती… कसलं मुंडण, परवा पार्लरमधून केस कुरळे करून आली. म्हणे जायचेच आहेत तर एकदा हौस भागवून घेतली… हसू नकोस, बाई कामाची आहे. तिनेच नियम शोधला. एखादं थडगं कुणी सांभाळतंय असा अर्ज आला, तर चौकशी संपेपर्यंत तिथे कुदळ लावता येत नाही.

…अगं पण मी सांभाळतेच ना! एकोणीस वर्षं झाली. इकडे राहायला आले तेव्हा मला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. पाणी भरायला यायची आणि इथे बसायची. दुसऱ्याच्या दारात रोज फुकट बसायचं म्हणजे लाज वाटायची, म्हणून एकदा गवत काढलं. मग दर वर्षी काढायला लागले. पेलाभर तांदळाची दारू ओतते, घरात काय झालं ते सांगते… बाप्या की बाई ते नाही ठाऊक. विचारलं नाही.

…लागू दे भूत मागे. बोलायला तरी होईल कुणी.

…नाही, खोटं नाही लिहिलं. तीच तर गंमत. अर्जात एक रकाना आहे, मयताशी नातं. ग्वाकबाई म्हणाली, लांबची सून लिही, कोण बघतंय. मी पेन टेकवलं सुद्धा, पण हात चालेना. एकोणीस वर्षं ज्याच्याशी खरं बोलले, त्याच्याच नावावर थाप मारू? मी लिहिलं, शेजारीण… हो, शेजारीण. खिडकीतला पोरगेला साहेब म्हणाला, आजी, असं नातं यादीत नाही. मी म्हटलं, मग खोडा. तुमच्या हाताने खोडा आणि खाली सही करा. त्याने माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि मारला शिक्का.

…सासरचे काय म्हणायचे ते म्हणोत. त्यांच्या सात पिढ्यांचं गवत काढलंय मी. एकाने कधी पाणी तरी विचारलं का?

…बरं, ते राहू दे. ताई, तू केलास म्हणून, नाहीतर संध्याकाळी मीच करणार होते फोन. साक्षीदार लागतो. मला इथे गवत काढताना बघितलेला. इमारतीतला चालत नाही, त्यांचा स्वार्थ आहे म्हणे. बाहेरचा हवा. उद्या बारापर्यंत, नाहीतर अर्ज बाद.

…तूच. दुसरं कोण आहे?

…बघितलं नाहीस? ताई, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी इथलं गवत कुणी काढलं? शिव्या घालत काढलंस, पण काढलंस. वर पेला ओतून म्हणालीस, जे कोण असशील ते, माझ्या बहिणीला चालतं कर… आठवतंय ना? मग कशाला नाही म्हणतेस.

…हो, कळतं मला. त्याच्या नोकरीचं कळतं. तुझा मुलगा तसा माझा भाचा आहे, त्याचं वाईट व्हावं असं मला वाटेल का? पण ताई, त्याला काढलं तर दुसरी नोकरी मिळेल. इथे एकदा खोदलं की दुसरी टेकडी कुठून आणू?

…रागावून नाही बोलत. हो, चढला आवाज, चढू दे. आयुष्यभर 'बरं, बरं' म्हणत आले. नवऱ्याला बरं म्हटलं, सासूला म्हटलं, मुलं परदेशी निघाली त्यांनाही बरंच म्हटलं. आता नाही म्हणणार. तू नाही आलीस तरी उद्या मी इथेच, विळा घेऊन. उचलून न्यावं लागेल मला.

…नाही, धमकी नाही. भीती वाटते म्हणून सांगतेय. फार भीती वाटते.

काय?… नाही, लाइन चांगली आहे. ऐकू आलं मला. तरी परत एकदा म्हण.

…हं.

…साडेआठची बस पकड, दहाला पोचतेस. तुझ्या नावाचा शिक्का घेऊन ये, नुसती सही चालत नाही… दोंगहुनला कोण सांगणार, मी सांगू?… तूच सांगतेस? बघ हं.

…कामावरून सातला येतो ना?

…मग आल्या आल्या नको. आधी पोटभर जेवू दे त्याला, मग सांग… हो. ठेवते.